घागराईचा प्रयोग

"पाय मागं घेऊ नका ताई, राहू द्या," असं म्हणत त्या बाईने कडेवरचं मूल निशाच्या पायांवर ठेवलंच.

निशा मेकअपच्या खोलीत लोखंडी खुर्चीवर बसली होती. अंगावर गुलमंडीतून आणलेल्या चंदेरी कापडाचं लुगडं, कपाळावर मळवट आणि मनगटापासून कोपरापर्यंत गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या निळ्या नळ्या. नाटकातल्या दोनशे वर्षांनंतरच्या जगात आया अशाच दिसणार होत्या. टोपडं घातलेलं ते चार-पाच महिन्यांचं मूल तिच्या चमचमत्या निऱ्या मुठीत धरून ओढत होतं. ते घसरतंय असं दिसताच तिने एक हात त्याच्या मानेखाली आणि दुसरा बुडाखाली घालून त्याला उचललं. मूल तिच्याकडे बघून हसलं.

"बगा! आईला ओळखलं त्यानं!" बाई दाराकडे वळून ओरडली. दारात आणखी आठ-दहा बायका दाटीवाटीने उभ्या होत्या.

"अहो, मी दवाखान्यात नर्स आहे," निशा म्हणाली. "मला सवय आहे म्हणून हसलं ते."

"असू द्या की. देवी काय सांगून येती व्हय?"

एकीने तिच्या ओटीत नारळ ठेवला, दुसरीने कुंकू लावलं. निशाला अवघडल्यासारखं झालं, पण वाईट वाटलं असं काही म्हणता येणार नाही. सतरा वर्षं ती नवजात बाळांच्या वॉर्डात काम करत होती. त्या सतरा वर्षांत तिच्या पाया कुणी पडलं नव्हतं.

खोलीच्या कोपऱ्यात तनुजा चष्मा पुसत उभी होती. तनुजा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि पुंडलिकनगरात निशाच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. नाटक तिनेच लिहिलं होतं, तिनेच बसवलं होतं. बायका गेल्यावर तिने दार लोटून घेतलं.

"शेवट कुणी ऐकलाच नाही, निशाताई."

"टाळ्या केवढ्या पडल्या गं!"

"तेच तर. तुमचं शेवटचं बोलणं सुरू व्हायच्या आतच लोक उठले. 'घागराईचा उदो उदो' सुरू झालं. ती सहा बाळं काचेतून बाहेर आली, तिथंच त्यांच्यापुरतं नाटक संपलं. बाहेर एक जण मला म्हणतो, मॅडम, हे विज्ञान आपल्याकडं आधीच होतं, हे तुम्ही सिद्ध करून दाखवलंत. मी काय सिद्ध केलं? मी तर गोष्ट सांगत होते."

निशा हातावरच्या नळ्या सोडवत राहिली. तिला स्वतःला नाटकाचं फारसं कळत नव्हतं. मुख्य काम करणारी मुलगी तालमी चालू असताना लग्न ठरून पुण्याला गेली, तेव्हा तनुजा एका संध्याकाळी खाली आली आणि म्हणाली, "बाळ कसं धरायचं हे जिला माहीत आहे, अशी बाई पाहिजे. बाकीचं मी शिकवते." निशाची मुलगी शिकायला हॉस्टेलवर गेली होती. घर रिकामं वाटत होतं. नवरा राजेंद्र हसला, पण नको म्हणाला नाही. आणि सासूबाई, लक्ष्मीबाई, त्यांना तर घागराईचं नाव ऐकूनच आनंद झाला होता.

घागराई ही त्यांची कुळाची देवी. शहरापासून दोन तासांवर डोंगरात तिचं ठाणं आहे. लक्ष्मीबाई दर श्रावणात तिची पोथी वाचायच्या. पोथीतली गोष्ट अशी की, एका गुराख्याच्या बायकोला मूल व्हायच्या ऐवजी मांसाचा गोळा झाला. एका सिद्धपुरुषाने त्याचे सात भाग केले, तुपाने भरलेल्या सात घागरींत घातले आणि सांगितलं, दिवस भरेपर्यंत उघडू नकोस. पण आईला धीर धरवेना.

अधीर झाली माउली । सातवी घागर उघडिली ।
तेणे जीवनकळा निमाली । त्या बाळाची ॥

सहा मुलं जगली, त्यांनी सहा गावं वसवली. सातव्यासाठी आईने डोंगरावर बारा वर्षं तप केलं आणि ती देवी झाली.

तनुजाने ही गोष्ट उचलून पुढच्या काळात नेली होती. बायकांच्या पोटी मूल ठरेनासं झालेलं जग, डोंगरावरचा एक मोठा दवाखाना, काचेच्या सात घागरी आणि सिद्ध नावाचा प्रमुख डॉक्टर. फक्त शेवट वेगळा होता. सातवी घागर आई उघडत नाही. आपला प्रयोग जमतोय की नाही हे बघायला सिद्धच ती उघडतो आणि दोष आईवर टाकतो. शेवटी आई एकटी रंगमंचाच्या पुढे येते आणि बोलते. तेच बोलणं रंगमंदिरात गजरात बुडालं होतं.

"बजाजनगरला प्रयोग मागितलाय," तनुजा म्हणाली. "घागराई भक्त मंडळानं. तिथं तरी ऐकतील."

*

मोनिकाचं बाळ वॉर्डात आलं ते या दोन प्रयोगांच्या मधे. सातव्या महिन्यातलं, तळहातावर मावेल एवढं. मोनिका बावीस वर्षांची. नवरा सत्यम वाळूजला एका कारखान्यात कंत्राटावर होता. सासू दगडाबाई बजाजनगरात घरीच पापड-कुरडया करून विकायची. त्यांचं गाव घागराईच्या सहा गावांपैकीच एक.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवून निशा नळ्या लावत होती, तेव्हा दगडाबाई बाहेरच्या खिडकीला नाक लावून उभी होती. निशा बाहेर आली तशी ती दोन पावलं मागे सरली आणि एकदम खाली वाकली.

"ह्याच त्या! सत्या, अरे ह्याच त्या, मोबाईलवर दावलं नाय का तुला? घागराई!"

"मावशी, उठा. ते नाटक होतं."

"नाटक आसंल. पण पेटीत लेकरू आन् हात तुमचा, हे काय नाटक हाय?" दगडाबाईचे डोळे भरून आले होते. "माय, दुसऱ्या कुनाला हात लावू देऊ नका त्याला. तुमीच बगा."

असं चालत नाही, तीन पाळ्यांमध्ये तीन नर्स असतात, हे निशाने समजावून सांगितलं. दगडाबाईने मान हलवली, पण निशाची पाळी सुरू व्हायची तेव्हाच ती डबा घेऊन यायची आणि इतर वेळी कुणी पेटीची खिडकी उघडली की बाहेरून काच वाजवायची. वॉर्डातल्या बाकीच्या पोरी हसायच्या. "देवीजी, आपका पेशंट बुला रहा है," असं म्हणायच्या. निशाही हसायची.

मोनिका वरच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात होती. टाके दुखत होते आणि ताप येत होता, म्हणून तिला फारसं खाली आणत नव्हते. एकदा चाकाच्या खुर्चीवरून आणलं, तेव्हा ती काचेबाहेरून बघत राहिली. बाळ तिला नीट दिसत नव्हतं. टोपी, डोळ्यांवरची पट्टी आणि नळ्या एवढंच दिसत होतं. बोलली ती दगडाबाई.

"जगंल ना, माय?"

वॉर्डात या प्रश्नाची उत्तरं ठरलेली असतात. डॉक्टरांना विचारा. दोन दिवस जाऊ द्या. आपण प्रयत्न करतोय. निशाने ही उत्तरं हजारदा दिली होती आणि नव्या पोरींना शिकवलीही होती. पण त्या दिवशी दगडाबाई हात जोडून अशी बघत होती की जणू समोर मळवट भरलेलीच बाई उभी आहे. निशाच्या तोंडून तालमीतला खालच्या पट्टीतला, ठाम आवाज आला.

"जगेल."

मोनिकाने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

*

बजाजनगरचा प्रयोग रविवारी संध्याकाळी एका मंगल कार्यालयात होता. मंडळाचे अध्यक्ष कडुबा म्हणजे साठीचा, कंपनीतून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी स्वतः उभं राहून खुर्च्या लावून घेतल्या होत्या आणि चांगले माइक मागवले होते. "मागच्या बायकांना शब्द न् शब्द ऐकू गेला पाहिजे," असं ते ध्वनिवाल्याला बजावत होते. प्रयोगाआधी त्यांनी तनुजाला हार घातला.

शब्द न् शब्द ऐकू गेला.

सहा घागरी उघडल्या तेव्हा गजर झाला, पण माइक त्याच्या वर होते. गजर ओसरला. निशा पुढे आली. पहिल्या रांगेत दगडाबाई बसली होती, तिला निशाने पाहिलं.

"मी उघडली नाही," निशा म्हणाली. "माझ्या हातांकडं बघा. कोरडे आहेत. ज्याचे हात तुपानं माखले होते, त्याला कुणी विचारलं नाही. पोथी लिहिणाऱ्यानंही नाही. तुम्ही मला डोंगरावर नेऊन बसवलं, नारळ फोडले, पण माझ्यावरचा आळ काढला नाही. मला देवी करू नका. माझं मूल कुणी मारलं ते सांगा."

पडदा पडायला हवा होता, पण दोरी ओढणारा विसरला. निशा तशीच उभी राहिली. 

मग कडुबा उठले. ते ओरडले नाहीत. समोर येऊन त्यांनी तनुजाला शोधलं आणि म्हणाले, "ताई, यंत्रं घातली, आमी काय म्हनलं नाय. विमानं घाला, काय पायजे ते घाला. पर हे काय केलं?"

तनुजा बाजूच्या पडद्यातून पुढे आली. "काका, मी त्या आईची बाजू घेतली आहे."

"तिची बाजू?" कडुबा आणखी पुढे आले. "माझ्या मायनं आमच्यातली दोन पोरं पुरली. ती जन्मभर म्हनायची, चुकलं माझं काहीतरी, पर घागराईचंबी चुकलं व्हतं, तरी ती देवी झाली. त्या आधारावर जगली ती. तुमी चूकच काढून घेतली. मग आमच्या बायांनी जावं कुनाकडं?"

तनुजा बोलायला पुढे सरकली. मागच्या रांगेतून एक खुर्ची आली. मग दुसरी. पाच-सहा पोरं रंगमंचावर चढली. काचेच्या घागरी म्हणजे पाण्याचे मोठे जार होते, रंगवलेले. ते लाथांनी घरंगळत खाली गेले. कडुबा दोन्ही हात पसरून निशापुढे उभे राहिले आणि पोरांना शिव्या देऊ लागले. त्यांनीच तिला मागच्या दाराने रिक्षात बसवलं. बसवताना तिच्याकडे पाहिलं मात्र नाही.

सोमवारी सकाळपर्यंत ते शेवटचं बोलणं तेवढंच कापून सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होतं. 'मला देवी करू नका' पासून सुरू होणारं. वर लिहिलं होतं, घागराईचा अपमान करणारी हीच ती बाई.

*

बाळ गुरुवारी गेलं. बुधवारपासूनच त्याचं पोट फुगलं होतं, रंग राखट झाला होता. रक्तात जंतू झाले होते. एवढ्या लहान बाळांना होतात. डॉक्टर रात्रभर खटपट करत होते. निशा सकाळच्या पाळीला आली तेव्हा काही उरलं नव्हतं. तिने नळ्या काढल्या. पट्ट्या चिकटलेल्या जागी कातडी सोलू नये म्हणून तेल लावून एकेक सोडवली. कोमट पाण्याने अंग पुसलं आणि स्वच्छ कापडात गुंडाळलं.

"आईला खाली आणा," ती म्हणाली.

"नगं," दगडाबाई म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती, निशाकडे न बघता. "वली बाळंतीन हाय. तिला दावू नका."

सत्यमने ते गाठोडं घेतलं. ते इतकं हलकं होतं की त्याने घेतल्यावर पुन्हा एकदा निशाकडे पाहिलं, सगळं दिलं की नाही असं. मग तो जिन्याने खाली गेला.

थोड्या वेळाने तो परत आला तेव्हा बरोबर पंचवीस-तीस माणसं होती. निम्मी ओळखीचीही नव्हती. दगडाबाई पुढे होती. आता ती सरळ निशाकडे बघत होती.

"हिनं पेटी उघडली. मी माझ्या डोळ्यानं बगितलं, रोज उघडायची. देवीला नावं ठेवली, आन् त्याच हातानं माझ्या लेकराला शिवली."

"मावशी, औषध द्यायला, दूध द्यायला पेटी उघडावीच..."

"जगंल म्हनली व्हतीस!"

निशा गप्प झाली. बाकी सगळ्याला तिच्याकडे उत्तर होतं. याला नव्हतं.

ती गप्प झाली हे सत्यमने पाहिलं. त्याने तिचं डावं मनगट धरलं आणि ओढलं. तो मारायला आला होता की नुसतं बाहेर न्यायला, हे त्यालाही ठाऊक नसावं. ती सलाइनच्या लोखंडी स्टँडवर आपटली, स्टँड तिच्या हातावर पडला आणि हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. आतल्या पेट्यांमधली दोन बाळं रडायला लागली. तशाही स्थितीत तिने वॉर्डाचं दार पाठीने लावून धरलं.

व्यवस्थापक धावत आले. कोट घातलेला घामाघूम माणूस. ते खुर्चीवर चढले. बाळाला काय झालं होतं ते त्यांनी सांगायला सुरुवात केली, पण कुणी ऐकेना. तेव्हा त्यांनी हात वर केले आणि म्हणाले, "त्या सिस्टर आजपासून आपल्या दवाखान्यात नसतील. माझा शब्द आहे."

गर्दीने टाळ्या वाजवल्या.

*

हाताला प्लास्टर घालून निशा घरी बसली. दवाखान्यातून एकदा फोन आला. राजीनामा आणून द्या, घाई नाही, असं तिकडच्या बाईने अगदी गोड आवाजात सांगितलं.

तनुजाने दुसऱ्याच दिवशी माफीची चित्रफीत टाकली. भावना दुखावल्या असतील तर, वगैरे. आठवड्याने ती खाली आली. खुर्चीच्या कडेवर बसली.

"कॉलेजवर माणसं आली होती, निशाताई. प्राचार्य म्हणाले, एक तर माफी मागा, नाही तर नोकरी सोडा. घरी बाबा अंथरुणावर..."

"बरं केलंस."

"मंडळानं पुन्हा प्रयोग लावला. डोंगरावर, देवळासमोर. तुमच्या जागी दुसरी मुलगी घेतली. तुम्हाला कसं सांगायचं ते कळेना."

"शेवट कोणता ठेवलास?"

"पोथीतला."

"लोक काय म्हणाले?"

तनुजाने मान खाली घातली. "रडले. बाया तर फार रडल्या. असा प्रयोग आमचा कधी झालाच नव्हता."

राजेंद्रची वेगळीच अडचण होती. तो कंपनीत सुपरवायझर होता आणि त्याच्या हाताखालची बरीच माणसं त्याच सहा गावांतली होती. कुणी काही बोलत नव्हतं, पण जेवायच्या सुट्टीत त्याच्या बाकावर कुणी बसत नव्हतं. एके संध्याकाळी ताटावर बसल्यावर तो म्हणाला, "डोंगरावर जाऊन ये एकदा. देवीपुढं नाक घास. फोटो काढू, पाठवून देऊ. विषय संपेल."

"माफी कशाची मागू? नाटकाची?"

"कशाचीही माग गं. लोकांना काय, बघायला मिळालं की झालं."

लक्ष्मीबाई भाकरी मोडत होत्या. नाटक झाल्यापासून त्या निशाशी कामापुरतंच बोलत होत्या. देव्हाऱ्यातली पोथी त्यांनी फडक्यात बांधून कपाटात वर ठेवली होती. ती देवीच्या रागाला भिऊन की सुनेच्या, ते निशाने विचारलं नव्हतं.

"एक सांग," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "त्या माणसांना तू जगंल म्हनली व्हतीस का?"

"हो."

"तुला कळत व्हतं का, जगंल म्हनून?"

"नाही आई. कळत नव्हतं."

"मग नाक तिथं घास. डोंगरावर कशाला जाती?"

राजेंद्रने आईकडे पाहिलं आणि पुढे जेवू लागला. निशाला त्या रात्री झोप लागली नाही. सगळ्या शहराने तिच्यावर जे आरोप केले, त्यांतला एकच खरा होता आणि तो सासूने नेमका बोट ठेवून दाखवला होता. दुसऱ्या दिवशी ती रिक्षाने बजाजनगरपर्यंत गेलीही. कोपऱ्यावर उतरली. गल्लीच्या तोंडाशी चार बायका पापड वाळत घालत होत्या. त्यांतल्या एकीने मान वर करून हिच्याकडे पाहिलं आणि दुसरीला कोपराने ढोसलं. निशा त्याच रिक्षात बसून परत आली.

*

त्यानंतर तीन-चार दिवसांनी, दुपारी, दार वाजलं. लक्ष्मीबाईंनी उघडलं. दारात एक पोरगी उभी होती, भर उन्हात अंगाभोवती शाल घट्ट लपेटून.

"सिस्टर हितंच राहत्यात का?"

निशा बाहेर आली. तिला ओळखायला क्षणभर लागला, कारण मोनिकाला तिने उभं असलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

"दवाखान्यात गेले व्हते. वॉचमननं पत्ता दिला." मोनिकाचे ओठ सुकले होते. "घरी सांगितलं शिंप्याकडं चालले म्हनून. मला... लई दुखतंय. कुनाला सांगावं तेच कळंना."

निशाने तिच्या कपाळाला हात लावला. अंग तापलेलं होतं. शाल बाजूला केली, तर पोलकं पुढून भिजून कडक झालं होतं आणि त्याखाली छाती दगडासारखी.

"किती दिवस झाले असं?"

"तवापासून. सासूबाई म्हनल्या आपोआप जिरंल. पट्टी बांधली गच. वाढलंच."

निशाने तिला आतल्या खोलीत पलंगावर बसवलं. पाणी कोमट केलं, फडकी घेतली, आणि मग स्वतःच्या प्लास्टरमधल्या हाताकडे पाहून थांबली. हे काम एका हाताने होणारं नव्हतं.

"सरक," लक्ष्मीबाई मागून म्हणाल्या. "मला सांग काय करायचं ते."

निशा सांगत गेली. आधी शेक द्या. आता कडेकडेने, हलक्या हाताने, पुढे या. दाबू नका. दुखलं की थांबा. लक्ष्मीबाईंनी कधी काळी स्वतःच्या लेकी-सुनांची बाळंतपणं काढली होती. त्यांच्या बोटांना लवकरच वाट सापडली. पहिल्यांदा मोनिकाने उशी दातात धरली. मग दूध यायला लागलं. खाली धरलेल्या स्टीलच्या वाटीत त्याचा आवाज होऊ लागला.

"थोडंच काढू," निशा म्हणाली. "दुखायचं थांबेल एवढंच. जास्त काढलं तर परत येत राहील. ताप आहे, संध्याकाळी मी ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेते. गोळ्या घ्याव्या लागतील."

मोनिकाने मान हलवली. जरा वेळाने तिने प्लास्टरकडे बोट केलं. "आमच्या ह्यानं केलं ना? मला नंतर कळलं. रातचा उठून बसतो. बोलत नाय."

निशाने पलंगाशेजारचं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसली.

"मोनिका, मी तुला जगेल म्हणाले होते. मला ते माहीत नव्हतं. म्हणायला नको होतं. चुकलं माझं."

मोनिका तिच्याकडे बघत राहिली. चिडली नाही, रडलीही नाही.

"तेवढे दिवस मी जेवले," ती म्हणाली. "तुमी म्हनल्या म्हनून."

लक्ष्मीबाईंचे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले.

"घरी सगळे म्हनत्यात माझ्यामुळंच झालं. मी पान्याचा हंडा उचलला व्हता, सातवा लागल्यावर. नळ दोन दिवसाआड येतो, मग काय करनार? पर तेच म्हनत्यात. पयले तुमाला म्हनले, आता मला. तुमचं ते मोबाईलवरचं मी संडासात जाऊन बगते. 'मी उघडली नाय' म्हनता ते पुढचं-मागचं सगळं एका पोरीकडं सापडलं मला." ती थांबली. "सिस्टर, तो दिसायचा कसा? मला नुसत्या नळ्या दिसल्या."

या वेळी निशाने आवाजाकडे लक्ष ठेवलं. जेवढं होतं तेवढंच सांगायचं होतं.

"केस खूप होते. काळे, मानेवर उतरलेले. डाव्या कानाची पाळी जराशी दुमडलेली."

"आमच्या ह्याचीबी तशीच हाय."

"रंग तुझा. बोटं लांब होती. आपलं बोट दिलं की धरायचा, पण ताकद नव्हती, लगेच सुटायचं."

"रडायचा?"

"आवाज नव्हता गं त्याला. तोंड करायचा नुसतं."

"आंगुळ घातली व्हती?"

"कोमट पाण्यानं पुसलं. पांढऱ्या कापडात गुंडाळला. थंडी वाजेल असा दिला नाही."

मोनिकाने दोन-तीनदा मान हलवली, पाठ केल्यासारखी. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडली. मोठ्याने नाही. लक्ष्मीबाईंनी तिचं पोलकं सावरलं, खांद्यांवर कोरडा टॉवेल टाकला आणि आपले ओले हात तसेच पदराला न पुसता मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

बाहेर भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली. कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

वाटी पाऊण भरली होती. लक्ष्मीबाईंनी ती उचलायला हात पुढे केला. "आन इकडं. झाडाच्या मुळाशी घालते. मोरीत टाकू नये."

मोनिकाने वाटी दोन्ही हातांत घेतली होती. ती अजून कोमट होती.

"जरा वेळ राहू द्या," ती म्हणाली.

लक्ष्मीबाईंनी हात मागे घेतला. निशा उठली आणि पंखा बंद केला. मोनिका पलंगाच्या कडेला पाठ ताठ ठेवून बसली होती, काही सांडू नये म्हणून अजिबात न हलता.